मार्लवाईच्या वाटेवर

आदिलाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले की गुडीहतनूरपाशी डावीकडे एक वाट फुटते. इंद्रवेल्ली, उटनूर अशी गावे मागे टाकीत ती डोंगरात शिरते. पावसाळ्यात या वाटेने जावे. दोहों बाजूंस गुडघाभर आलेला कापूस, त्यापलीकडे सागाची राने, आणि मधूनच एखादा कुडाच्या भिंतींचा गुडा. या वाटेने मी अनेकदा गेलो आहे. परंतु गेल्या पावसाळ्यातील जाणे सहलीचे नव्हते. पिशवीत एका मुलीची कागदपत्रे होती.

मुलगी आमच्या सरकारी मराठी शाळेतून पुढे गेलेली, आंध जमातीची. या जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, थोटी यांच्या शेजारी आंधही पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि त्यांची मातृभाषा मराठी आहे, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. ती इंटरमीजिएट उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. शहरातील महाविद्यालयात पदवीसाठी जागाही मिळाली होती. बापाचे मन मात्र होत नव्हते.

इंद्रवेल्लीस गाडी थांबली. येथील स्मारकस्तंभ २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर झालेल्या पोलीस गोळीबाराची आठवण देतो. अलीकडेच केसलापूरचा फाटा लागतो. तेथे पौष अमावास्येस मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. उटनूरला आदिवासी विकास यंत्रणेचे कार्यालय आहे. शिष्यवृत्तीच्या कामासाठी तेथील पायऱ्या झिजविलेले बाप मी पाहिले आहेत.

पुढे जैनूर, आणि जैनूरजवळ मार्लवाई. आता हा भाग २०१६ साली झालेल्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. पण आम्हां जुन्या माणसांच्या तोंडी तो आदिलाबादच. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. गोंडांचे दुःख काय आहे, हे समजून घेण्याची बुद्धी त्यानंतर निजाम सरकारला झाली, आणि क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ येथे आले. ते पत्नीसह मार्लवाईत गोंडांमध्ये राहिले. १९४३ साली येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची वाचनपुस्तके निघाली, तीही देवनागरी लिपीत. आपल्या लिपीचे हे नाते वाचून मराठी मनास बरे वाटते. पत्नी बेटी १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी येथे आहे, आणि १९९५ साली निवर्तलेल्या हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही पुढे तिच्याशेजारीच विसावल्या. गुस्साडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळविणारे कनक राजू याच गावचे.

समाधीपाशी क्षणभर उभा राहिलो. अक्षरओळखीची सोय ऐंशी वर्षांपूर्वी येथे झाली. अक्षरापासून पदवीपर्यंतची वाट मात्र अजून अवघड का, हा प्रश्न मनात होता.

सरकारने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. शालान्त परीक्षेनंतरच्या शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली. त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते स्वतः अमेरिकेस गेले होते. पुढे ही योजना आदिवासी विद्यार्थ्यांसही लागू झाली. केंद्राच्या नियमाप्रमाणे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नसावे. आमच्या राज्यात शुल्काची प्रतिपूर्ती महाविद्यालयास आणि निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात, अशी वाटणी आहे. २०१० साली केंद्राने ठरविलेले निर्वाहाचे दर साध्या पदवीच्या विद्यार्थ्यास वसतिगृहात राहिल्यास महिना ५७० रुपये, आणि बाहेर राहिल्यास ३०० रुपये असे होते. तीनशे रुपयांत महिना कसा काढावा, हे गणित मला कोणत्याही वर्गात शिकविता आलेले नाही.

मुलीचे घर मार्लवाईपुढे नारनूरच्या बाजूस. बापाने घोंगडे अंथरले, चहा आला. मी कागद पसरून योजना समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "गुरुजी, सरकार पैसे देतंय म्हणता, ते खरंच आसंल. पर देतंय कवा? कालेज उघडतंय पावसाळ्यात, पैसा येतोय पुढच्या उन्हाळ्यात. मधी पोरीनं खावं काय?"

मजजवळ उत्तर नव्हते. काही वर्षांपूर्वी याच भागातील माझ्या एका विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र एका महाविद्यालयाने अडवून ठेवले होते. प्रतिपूर्तीची रक्कम आली नाही, म्हणून शुल्क तूच भर, असे त्यास सांगण्यात आले. पोरगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामास लागला तो तेथेच राहिला. त्यालाही मीच धीर देऊन पाठविले होते. महाविद्यालयांचीही बाजू आहे; २०२५च्या नोव्हेंबरात याच थकबाकीसाठी राज्यातील खाजगी महाविद्यालयांनी बंद पाळला. परंतु दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते, ते या पोरांच्या रूपाने.

दूरच्या कॅनडात, बर्फाच्या प्रदेशात, इन्युइट नावाचे लोक राहतात. त्यांच्या भूमीत आजवर स्वतःचे विद्यापीठ नाही. मुलांना शिकण्यासाठी दक्षिणेकडील शहरांत विमानाने जावे लागते. तेथील मदतीत शुल्क, पुस्तके, प्रवास आणि राहण्याचा खर्च, सर्व धरलेले असते. २०१९ साली त्या सरकारने दहा वर्षांसाठी सुमारे साडेबारा कोटी डॉलर ठेवले, तेही इन्युइटांच्या स्वतःच्या संस्थांच्या योजनेसाठी. तेथेही अडचणी संपलेल्या नाहीत. पण घरापासून दूर गेलेल्या मुलास पोट असते आणि परतीची वाट असते, हे त्यांनी हिशेबात धरले आहे.

आपणांस हे नवे वाटू नये. आपल्या वाडवडिलांपैकी कितीजण वार लावून जेवले आणि शिकले! सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या अन्नाला जातीची कुंपणे होती, हेही विसरता कामा नये. आंधांच्या पोरास त्या पंगतीत पान नव्हते. आज ती चूक दुरुस्त करण्याची संधी आहे. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि हाती पडणे यांमध्ये जे सहा-आठ महिने जातात, तेवढ्यांपुरती उसनवार देणारा एक लहानसा निधी प्रत्येक गावच्या मराठी मंडळास उभारता येईल. रक्कम आली की परत, आणि पुन्हा दुसऱ्यास. हे दान नव्हे, हा वार आहे.

त्या दिवशी मी बापाला एवढेच म्हणालो, "उन्हाळ्यापर्यंतचे जेवण आणि खोली आम्ही शाळेतले तिघे मास्तर पाहू. पैसे आले की फेड." तो बराच वेळ बोलला नाही. मग आत वळून मुलीस म्हणाला, "कागदं नीट प्लास्टिकात बांध. पाऊस हाय."

ती गेली. पहिले सत्र संपले आहे. शिष्यवृत्ती अद्याप आलेली नाही. वार चालू आहे.