पडीक

समीक्षकाचा आयुष्यभराचा व्यवहार शब्दांशी असतो. या व्यवहारातून एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते ती ही, की माणसांच्या जगण्यावर दूरवर परिणाम करणारे कितीतरी शब्द काव्यापेक्षा सरकारी दप्तरात अधिक प्रतिष्ठा पावलेले असतात. ‘पडीक’ हा त्यांतलाच एक. भिंत पडते, बाजारभाव पडतो, माणूस आजारी पडतो. तशीच जी जमीन नांगराखाली नाही ती ‘पडते’. जमिनीच्या वर्णनासाठी योजलेल्या या शब्दात जमिनीविषयीचा निवाडाही आधीच देऊन टाकलेला आहे. या शब्दाने आपल्याला काय दिसू दिले नाही, याचा विचार मी अलीकडे करू लागलो आहे.

माझे बालपण माण नदीच्या खोऱ्यातल्या कोरड्या पट्ट्यात गेले. आमच्या जमिनीचा वरचा भाग माळाचा होता. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. त्या भागापुढे सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा शेरा होता. घरातली वडील माणसे मात्र त्याला ‘कुरण’ म्हणत आणि दसऱ्यानंतर तिथले गवत कापून गंजी रचत. एकाच तुकड्याची ही दोन नावे. पण तलाठ्याच्या चावडीत चालणारे नाव एकच होते.

ही भाषा आली कुठून? मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835 पासून इंदापूर तालुक्यात घडवली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. मातीची खोली आणि पोत पाहून तिची किंमत आण्यांत ठरवायची. उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, आणि चुनखड, वाळू, उतार अशा दोषांगणिक किंमत उतरत जायची. या माणसांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांच्याआधीच्या प्रिंगल यांच्या आकारणीने रयत मेटाकुटीला आली होती, गावे ओस पडत होती. नव्या प्रतवारीने कर हलका केला. तथापि प्रतवारी करांसाठी होती आणि कर पिकावर होता. ज्यातून पीक निघत नाही त्या भूमीच्या पोटात आणखी काही असू शकते, हा प्रश्नच त्या पद्धतीत उद्भवत नव्हता.

त्या पोटात जे असते त्याला आज आपल्याकडचे शेतकरीही ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणतात. 2015 पासून मिळू लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेने हा शब्द गावोगाव पोचवला. कर्ब जमिनीत येतो तो वनस्पतींच्या द्वारे. कोरड्या मुलखातले बहुवर्षायू गवत आपल्या कमाईचा मोठा वाटा जमिनीखाली ठेवते. पवन्या किंवा मारवेल वर गुडघाभर दिसते, पण खाली त्याच्या तंतुमुळांचे दाट जाळे असते. ती मुळे दरवर्षी काही मरतात, काही नव्याने फुटतात. मेलेल्या मुळांचा कर्ब मातीच्या बारीक ढेकळांत बंदिस्त होऊन राहतो. जिथे वर्षातून तीनचार महिनेच ओल असते तिथे ही शिल्लक फार सावकाश साठते. नांगर ती ढेकळे फोडतो, आतला कर्ब हवेला, उन्हाला आणि सूक्ष्मजीवांना मोकळा होतो, आणि जे साठायला पिढ्या लागल्या ते काही वर्षांत कर्बवायू होऊन उडून जाते. शिवाय उघड्या मातीचा वरचा, सर्वांत समृद्ध थर वारा आणि वळीव वाहून नेतात, तो निराळाच.

इथे साहित्याच्या अभ्यासकाला एक जुना शब्द आठवल्याखेरीज राहत नाही. पहिल्या पावसाच्या वासाला आपल्याकडे ‘मृद्गंध’ असे नाव आहे. विंदा करंदीकरांच्या 1954 च्या काव्यसंग्रहाचेही तेच नाव. इंग्रजीत त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हा शब्द मिळाला तो त्यानंतर, 1964 मध्ये. या दोन वर्षांच्या दरम्यान, 1958 साली, पूर्व आफ्रिकेतील जमिनींवर काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी दाखवून दिले की दीर्घकाळ कोरडी राहिलेली माती पुन्हा भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव एकाएकी जागे होतात आणि तिच्यातून कर्बवायूचा मोठा लोंढा बाहेर पडतो. गंध आणि हा वायू एक नव्हेत. वायूला वास नसतो. पण दोहोंचा मुहूर्त मात्र एकच. ज्या क्षणाला आपल्या कवितेने धरतीचा उल्हास म्हटले, त्या क्षणी धरती एक दीर्घ उच्छ्वास सोडत असते.

उच्छ्वास सोडणे हा काही दोष नव्हे. प्रश्न श्वास परत घेतला जातो की नाही, हा आहे. गवताच्या माळावर पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत जुन्या ठोंबांना हिरवे फुटवे येतात आणि सुटलेल्या वायूचा वाटा पुन्हा आत ओढला जाऊ लागतो. शाळूच्या रानात तसे होत नाही. सोलापूरकडे रब्बीसाठी राखलेले रान पावसाळाभर उघडे ठेवून वारंवार कुळवतात आणि पेरणी होते पावसाळा सरता सरता. ओल धरून ठेवण्यासाठी हे करावेच लागते आणि त्यामागे अनेक पिढ्यांचे शहाणपण आहे. पण मातीच्या हिशेबात त्याचा अर्थ असा, की भिजण्याच्या आणि सुकण्याच्या प्रत्येक फेऱ्यात ती श्वास सोडते, आणि तो परत घेणारे तिच्यावर काही उभे नसते.

या हानीची मोजमापे उपलब्ध आहेत. हान्स जेनी आणि एस. पी. रायचौधुरी यांनी 1960 मध्ये भारतीय जमिनींतील नत्र आणि सेंद्रिय द्रव्य यांवर हवामानाचा व लागवडीचा काय परिणाम होतो याचा ग्रंथ सिद्ध केला. 2002 साली गुओ आणि गिफर्ड यांनी जगभरच्या निरीक्षणांची एकत्र छाननी केली, तेव्हा कुरणाचे शेत झाल्यावर जमिनीतील कर्ब सरासरी 59 टक्क्यांनी घटलेला आढळला. आपल्या पत्रिकेवर 0.5 टक्क्यांहून कमी कर्ब असलेल्या जमिनीपुढे ‘कमी’ असे लिहितात. या दशांशांनी फसू नये. एका हेक्टरवरच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन साधारण सव्वादोन हजार टन भरते. तिच्यातला कर्ब एक दशांश टक्क्याने घटला तर सुमारे सव्वादोन टन कर्ब, म्हणजे आठ टनांच्या आसपास कर्बवायू, हवेत गेला असे समजावे. पृथ्वीच्या भूपृष्ठापैकी सुमारे दोनपंचमांश भाग कोरड्या प्रदेशांचा आहे. एकेका शेतातली ही क्षुल्लक घट एकत्र केली की ती क्षुल्लक राहत नाही.

शब्द बदलला असता तर भूमी वाचली असती, असे मात्र मला म्हणायचे नाही. 1954 मध्ये सोव्हिएत संघाने कझाकस्तानातील आणि सैबेरियातील विस्तीर्ण गवताळ प्रदेश नांगरायला घेतले, तेव्हा त्या भूमीला ‘पडीक’ म्हटले नव्हते. तिला ‘त्सेलिना’, म्हणजे अक्षत, असे गौरवाचे नाव होते. पहिली काही पिके भरघोस आली आणि पुढच्या दशकाच्या आरंभी धुळीची वादळे उठली. 1991 नंतर त्यांतली पुष्कळ शेते सोडून दिली गेली, गवत परतले आणि कर्बही सावकाश भरू लागला. नावे परस्परविरुद्ध होती. त्यांमागची समजूत एकच होती, की नांगराविना भूमी अपुरी आहे.

याच समजुतीने आपण आपले साहित्यही वाचले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरांची ही कथा. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. तिच्यातील माणसांविषयी आपण पुष्कळ लिहिले. पण त्या वाडीचे अर्थशास्त्र गवतावर उभे होते, याची दखल समीक्षेने फारशी घेतली नाही. माळावर चरलेली मेंढरे रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यामुताने रान खतवायचे आणि शेतकऱ्याने धनगराला धान्य द्यायचे, हा व्यवहार मी लहानपणी पाहिला आहे. माळाचा कर्ब मेंढराच्या पोटातून शेतात येत असे. ‘पोटखराब’ हाच त्या शेताचा अन्नदाता होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या माळाचा अर्धा भाग माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी यंत्राने फोडून, सपाट करून त्यात डाळिंब लावले. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला माझी सही हवी आहे, कारण उतारा सामाईक आहे. मी त्याला मुळांविषयी आणि कर्बाविषयी सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण हवेत गेलेल्याचा हिशेब जग माझ्याकडं मागतंय, आणि जमिनीत ठेवलेल्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. गवतावर पोरांची फी भागत नाही.” या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. साऱ्या जगाचा वायू एका कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या माळात सांभाळावा, ही मागणी निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने करणे शोभतही नाही. शिवाय पाणी, शेणखत आणि पालापाचोळा सातत्याने मिळाला तर लागवडीच्या जमिनीतही कर्ब वाढू शकतो, हेही खरे आहे.

एवढे मात्र त्याने मान्य केले की दोन्ही भागांतली माती तपासून घ्यावी. डाळिंबाच्या ओळींमधल्या मातीपुढे ‘कमी’ असा शेरा आला, माळावरच्या मातीपुढे ‘मध्यम’. दोन नमुन्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. माळाची माती उथळ, तेव्हा तिची एकूण शिल्लकही बेताचीच. पण ज्या तुकड्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ खराब म्हटले गेले, त्याच्यासंबंधी कुणीतरी प्रथमच ‘मध्यम’ असे लिहिले होते. पुतण्या ती पत्रिका बराच वेळ पाहत होता.

आमच्यात ठरले ते असे : चढाचा भाग नांगरायचा नाही, तिथले गवत कापायचे, पण उपटायचे नाही, आणि धनगरांचा वाडा फिरून येईल तेव्हा डाळिंबात मेंढरे बसवायची. खालच्या सपाट पट्ट्यासाठी मी सही दिली. ही तडजोड आहे आणि तिचा तोटा त्याला अधिक, मला कमी सोसायचा आहे, याची मला जाणीव आहे. जोवर राखलेल्या गवताला कुठलीही किंमत मिळत नाही, तोवर अशा तडजोडी घरोघर होत राहतील आणि बहुतेक ठिकाणी नांगरच जिंकेल. सातबाऱ्यावरचा शेरा तसाच आहे. गावकामगाराला विचारले तर तो म्हणाला, ‘कुरण’ असा रकाना त्याच्या नमुन्यात नाही.