कॅबिनेट लहान, पण हवा खेळती हवी!



घरी कॉम्प्युटर स्वतः जोडायचा ठरवला. टेबल लहान, म्हणून कॅबिनेटही लहान घेतलं. पुढे चकचकीत काच! एप्रिलच्या एका दुपारी प्रश्नपत्रिका टाइप करताना कॉम्प्युटर अचानक बंद पडला. सेव्ह न केलेलं सगळं काम गेलं. बाजूचं झाकण काढून ठेवलं, तर तासन्‌तास नीट चालला. मग लक्षात आलं, दोष कॅबिनेटचा होता. काचेमुळे आत हवाच येत नव्हती. गरम हवा वर जाते हे वर्गात शिकवते मी, आणि खरेदी करताना विसरले!

दुसऱ्यांदा नीट मापं घेतली. मिनी आयटीएक्स मदरबोर्ड १७० × १७० मिमीचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिमीपर्यंत. प्रोसेसरच्या कूलरची उंची कॅबिनेटमध्ये बसते का, तेही पाहिलं. पुढे जाळी, हवा आत घेणारा १२० मिमीचा एक पंखा, मागे बाहेर फेकणारा एक. कॅबिनेट भिंतीपासून जरा लांब ठेवलं. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झटकते.

तुम्हीही घेताना दुकानदाराला आधी विचारा, "हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते?" रंग, लाइट नंतर बघा.