बाहत्तरावा हिस्सा

माझ्या बैठकीच्या खोलींतील काचेच्या कपाटापुढें उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा मला ठरलेले दोन प्रश्न विचारतो. पहिला, "सर, हे उडतं का?" आणि मीं नकारार्थी मान हलविली कीं लगेच दुसरा, "मग ह्याचा उपयोग काय?" विचारणारांचा ह्यांत कांहीं दोष नाहीं. कपाटांत प्लॅस्टिकचीं तीस-बत्तीस विमानें मांडलेलीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक माझ्या वितीएवढीं सुद्धां नाहींत. पन्नाशी ओलांडलेला, कॉलेजांत इंग्रजी शिकविणारा गृहस्थ रविवारची सबंध दुपार विमानाच्या मटाराएवढ्या चाकाला काळा रंग देण्यांत घालवितो, ही गोष्ट मांजरसुंब्यासारख्या गांवाच्या सहजीं पचनीं पडणारी नव्हे. बीडकडून घाट चढून वर आलें कीं बालाघाटाच्या पठारावर आमचें गांव लागतें. सोलापूर-धुळें रस्त्याला पाटोद्याहून केजला जाणारा रस्ता येथेंच छेदतो. त्या चौकांत रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ असते, आणि दिवाळी सरली कीं ऊसतोडीला निघालेलीं बिऱ्हाडें ह्याच रस्त्यांनीं परमुलुखास जातात. येथें हात रिकामा असणें हीच मुळीं चैन. विमान आमच्या डोक्यावरून जातें तें फार उंचावरून आणि न थांबतां.

तेव्हां उपयोगाचा प्रश्न मी टाळूं इच्छीत नाहीं. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हा उद्योग काय आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

ह्या छंदाचें वय फार नाहीं. लांकूड कोरून विमानांच्या लहान प्रतिकृति करण्याची हौस कदाचित् विमानाइतकीच जुनी असेल. पण सुट्या भागांचे प्लॅस्टिकचे संच निघाले ते १९३६ सालीं, इंग्लंडांत. फ्रॉग ह्या मार्क्याखालीं तेथील एक कारखाना रबराच्या पिळावर उडणारीं विमानें करीत असे. त्याच कारखान्यानें हे न उडणारे संच काढले आणि त्यांस 'पेंग्विन' हें नांव दिलें. पंख असून जन्मांत न उडणाऱ्या पक्ष्याचें नांव आपल्या मालाला देणारा तो व्यापारी मोठा सरळ माणूस असला पाहिजे! पुढें दुसऱ्या महायुद्धांत आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें सैनिकांना ओळखतां यावें म्हणून अशा प्रतिकृति हजारोंनीं लागल्या. अमेरिकेंत १९४२ सालीं त्या शाळेंतील मुलांकडून लांकडाच्या करवून घेण्यांत आल्या. १९५३ सालीं एअरफिक्स कंपनीनें स्पिटफायर ह्या लढाऊ विमानाचा संच दोन शिलिंगांस विकावयास काढला, आणि श्रीमंतांच्या मुलांची ही हौस सामान्य घरांतल्या मुलांच्याहि आटोक्यांत आली.

ह्या संचांचें सर्वांत रूढ प्रमाण म्हणजे मूळ विमानाचा बाहत्तरावा हिस्सा. सहा फूट उंचीचा माणूस ह्या प्रमाणांत एक इंचाचा होतो. हा हिशेब एकदां मनांत भिनला कीं जगाकडे पाहण्याची दृष्टि थोडी चमत्कारिक होते. आमच्या शेतांतला ज्वारीचा दाणा ह्या विमानाशेजारीं ठेवला तर तो जवळ जवळ फूटभर जाडीचा धोंडा ठरतो, आणि डोक्यावरचा केंस बोरूएवढा. रंगाचा हात जरा जाड बसला कीं विमानाला कोणी गिलावा केला आहे असें वाटावयाचें. स्पिटफायरच्या पंखांचा खरा विस्तार ११.२३ मीटर, माझ्या टेबलावर तो १५.६ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेंत खोटें बोलणें फार सोपें आणि तें लपविणें फार कठीण असतें.

संच उघडला कीं प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले साठ-सत्तर भाग हातीं येतात. ते नेलकटरनें सोडवावयाचे, काचकागदानें घासावयाचे, आणि जोडण्यापूर्वीं कोरडेच एकमेकांवर बसवून पाहावयाचे. ह्या कामीं लागणारें चिकटद्रव्य खरोखर चिकटवीत नाहीं. तें दोन्ही कडा विरघळवितें, आणि द्रव उडून गेल्यावर त्या दोहोंचें एकच प्लॅस्टिक होऊन बसतें. तो जोड पुन्हां सुटत नाहीं. सर्वांत आधीं करावयाचें तें वैमानिकाचें आसन, त्याचे पट्टे, त्याच्या समोरचीं घड्याळें. हें सर्व रंगवून झालें कीं धडाचे दोन अर्ध त्याच्यावर मिटतात, आणि त्यांतील बहुतेक भाग पुन्हां कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. आमच्या घरांतून एकदां पृच्छा झाली, "अहो, जे झांकूनच जायचं ते रंगवायचं कशाला?" मी म्हणालों, "तूं पुरणांत वेलदोडा घालतेस, तो तरी कुठं दिसतो?" "पण तो चवीला लागतो," असें उत्तर आलें, आणि वाद तेथेंच संपला.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे रंग कुंचल्यावरच वाळतो, म्हणून रंगकाम पहांटेस उरकावें लागतें. चौकांतील धूळ ओल्या पंखांवर बसूं नये म्हणून विमानावर चहाचा रिकामा डबा पालथा घालावा लागतो. शेवटीं निशाणांची पाळी. कागदावर छापलेलें निशाण पाण्यांत भिजवितांच त्याची पातळ कातडी सुटते, आणि ती ओल्या कुंचल्यानें सरकवीत सरकवीत जागेवर बसवावयाची. अशा वेळीं घरांत कोणीं विजेचा पंखा लावूं नये, असा आमच्याकडे वटहुकूम आहे.

आतां उपयोग. आमच्या गांवाजवळच मन्मथस्वामींचें समाधिस्थान असलेलें कपिलधार आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेंत मुलें तेथून विमानें घेऊन येतात: लाल, पिवळीं, चाकांवर घरंगळणारीं. त्यांना कोणत्याहि खऱ्या विमानाशीं साम्य राखण्याची गरज नसते, आणि मुलालाहि ती अपेक्षा नसते. खेळण्याचें काम मुलाच्या कल्पनेला उडविण्याचें. प्रतिकृति मात्र कल्पनेला जमिनीवर आणते. ह्या विमानाच्या पोटाचा रंग कोणता होता? इंजिनाच्या धुराचा काळा पट्टा कोठपर्यंत जाई? शिपायाचे बूट घासून घासून पंखावरचा रंग कोठें उडाला होता? "तें नेमकें कसें होतें?" हा एकच प्रश्न ती शंभर वेळां विचारावयास लावते, आणि शंभरांतून एकदां तरी असें उत्तर हातीं येतें, कीं ज्याची आपण अपेक्षाच केलेली नसते. मला तें उत्तर एका स्पिटफायरनें दिलें.

१९४० सालच्या ब्रिटनच्या हवाई संग्रामांतील एक स्पिटफायर मीं करावयास घेतलें होतें. त्याच्या वरच्या अंगाला गर्द हिरवा आणि मातकट तपकिरी अशा दोन रंगांचे ठिगळासारखे पट्टे, आणि खालच्या अंगाला फिकट हिरवट आकाशी रंग. मातकट रंगाचें इंग्रजी नांव 'डार्क अर्थ'. डबी उघडली तेव्हां तो मला आमच्या घाटमाथ्यावरच्या नांगरलेल्या मुरमाड रानासारखा दिसला, आणि मी मनाशीं हंसलों. पुढें विमानाच्या बाजूवर घालावयाच्या अक्षरांची माहिती मी काढूं लागलों. 'यू एम' हीं अक्षरें वापरणारी तुकडी म्हणजे १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन. त्या संग्रामांत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेल येथें होती. येथपर्यंत सर्व ठीक. पण क्रमांकापुढें कंसांत तिचें नांव होतें: हैद्राबाद.

निजामानें दिलेल्या पैशामुळें तिला तें नांव मिळालें होतें. हरिकेन विमानें उडविणाऱ्या २५३ क्रमांकाच्या तुकडीचेंहि नांव हैद्राबादच. १५२ च्या बोधचिन्हावर तर प्रत्यक्ष निजामाचें पागोटें चितारलेलें आहे, आणि खालीं ब्रीद आहे, 'एकनिष्ठ दोस्त'. आणखी मागें शोधीत गेलों तों पहिलें महायुद्ध लागलें. ११० क्रमांकाची स्क्वाड्रन १९१८ च्या सप्टेंबरांत डी. एच. ९ ए जातीचीं बाँबफेकी विमानें घेऊन फ्रान्सांत उतरली. तीं विमानें निजाम मीर उस्मान अली खान ह्यांची देणगी होती, आणि तसा मजकूर त्यांच्या अंगावर लिहिलेला असे. त्यांपैकीं एफ १०१० हें विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजीं जर्मनांच्या हातीं पडलें. पुढें बर्लिनच्या संग्रहालयांत गेलें, तेथून पोलंडांत, आणि १९७७ सालीं इंग्लंडांत परत येऊन तेथील रॉयल एअर फोर्स म्युझियमांत दाखल झालें.

आमचा बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, हें येथलें शाळकरी पोरहि सांगेल. पण त्या राज्याचें नांव इंग्लंडच्या आकाशांत फिरत होतें, हें मला पन्नाशीनंतर, दोन अक्षरांचा शोध घेतांना कळलें. आणि तें नांव ज्या पैशानें तेथें गेलें, तो पैसा कोणाचा? निजामाची दिवाणी तिजोरी घ्या कीं सर्फ-ए-खास ही खाजगी तिजोरी घ्या. दोहोंतहि येणाऱ्या पैशाचा मोठा झरा शेतसाऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धांत पांच हजार पौंड दिले म्हणजे एक स्पिटफायर दिलें, असा इंग्लंडांत हिशेब धरीत. त्या वेळच्या दरानें ते सुमारें सदुसष्ट हजार कलदार रुपये. निजामी राज्यांतल्या हाली सिक्क्यांत त्याहूनहि अधिक. बालाघाटावरच्या एका कुणब्याचा सारा त्यांत किती, हें गणित मला मांडतां येत नाहीं. पण तो अगदींच शून्य नसावा. आणि १९१८ हें साल तरी कोणतें? त्या वर्षीं हिंदुस्थानांत पाऊस भयंकर कमी पडला, आणि इन्फ्लुएन्झाच्या सांथीनें देशभर लाखों माणसें नेलीं. 'ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त' हा किताब निजामास मिळाला तोहि त्याच वर्षाच्या जानेवारींत.

हें सर्व मीं आमच्या शेजारच्या आबांना सांगितलें. आबा नव्वदीला टेकले आहेत. निजामाची अमदानी संपली तेव्हां ते बारा-तेरा वर्षांचे होते. त्यांनीं विमान तळहातावर घेतलें, चष्मा वर करून पाहिलें, आणि म्हणाले, "माझा बाप पटवाऱ्याकडं सारा भरायचा. पिकलं तरी भरायचा, न्हाई पिकलं तरी भरायचा. मंग सर, ह्याच्यात त्याचं नाव कुठं लिव्हलंय?"

"कुठंच नाही, आबा," मी म्हणालों.

मी त्या वैमानिकांना बोल लावीत नाहीं. हिटलरविरुद्ध लढणारें विमान वाईट कामास लागलें, असें कोण म्हणेल? आबांच्या वडिलांना विचारलें असतें तर कदाचित् त्यांनीं आनंदानें होकारहि दिला असता. पण त्यांना कोणीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं मी बराच वेळ विमानापुढें बसून होतों. हातांत कुंचला होता. विमानाच्या नाकावर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेंत एक अक्षर घालणें मला कठीण नव्हतें. आणि तें खोटें आहे असें म्हणणारा मांजरसुंब्यांत कोण होता? न्यायानें पाहतां तें अक्षर तेथें असावयास हवें होतें. परंतु तें तेथें नव्हतें. प्रतिकृति करणारानें एकदां 'असावयास हवें होतें' तें रंगविण्यास आरंभ केला, कीं त्याच्या कपाटांतील बाकीचीं सर्व विमानेंहि संशयित होतात. शिवाय ती कोरी जागा हाहि इतिहासच नव्हे काय? देणाराचें पागोटें बोधचिन्हावर चढलें आणि भरणाराचें नांव कोठेंच आलें नाहीं, ही हकीकत ती कोरी जागा जितकी खरी सांगते तितकी माझ्या अक्षरानें सांगितली नसती. मीं कुंचला धुऊन ठेवला, आणि विमान जसें होतें तसेंच पुरें केलें.

पण विमान ज्या फळीवर ठेवावयाचें ती फळी माझी स्वतःची होती. तिला कोणत्याहि मूळ वस्तूशीं प्रामाणिक राहण्याचें बंधन नव्हतें. गांवांतल्या सुतारानें बाभळीचा एक तुकडा रंधून दिला, आणि त्यावर मीं बारीक अक्षरांत लिहिलें: 'स्पिटफायर, १५२ (हैद्राबाद) स्क्वाड्रन, १९४०. पैसा निजामाचा, निजामाकडे तो मराठवाडा, तेलंगण व कर्नाटक येथील रयतेकडून.' आबांना एवढीं बारीक अक्षरें दिसत नाहींत, म्हणून मीं तीं वाचून दाखविलीं. त्यांनीं मान डोलाविली, फळीच्या कडेवरून बोट फिरविलें आणि विचारलें, "बाभळ कुठली?"

"तुमच्याच बांधावरची, आबा."

आतां १९१८ चें तें डी. एच. ९ ए करावयाचें मनांत आहे. त्याच्या अंगावर तर देणगीचा मजकूर प्रत्यक्ष आहे, आणि तो मला माझ्या हातानें, निजामाच्या नांवासकट, जसाच्या तसा लिहावा लागणार आहे. बाहत्तराव्या हिश्श्यांत तीं अक्षरें खसखशीएवढीं होतील; त्यासाठीं दोन केंसांचा कुंचला तयार केला आहे. आबांनीं दुसरी फळी आधींच काढून ठेवली आहे. ती पहिलीपेक्षां रुंद आहे.