नऊ गुणांचा व्यायाम

शालेय निबंधांच्या विषयांत 'व्यायामाचे फायदे' या विषयाचें आसन अढळ आहे. पाठ्यपुस्तकें बदललीं, दौत जाऊन बॉलपेन आलें. पण रक्ताभिसरण सुधारतें, पचनशक्ति वाढते, निरोगी शरीरांत निरोगी मन वसतें, हीं वाक्यें जशींच्या तशीं राहिलीं. गेल्या वर्षीं एका शाळेंत आठवीच्या मुलांपुढें याच विषयावर बोलण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तेव्हां आम्हीं प्रथम त्यांनाच प्रश्न केला. एका चुणचुणीत मुलीनें सात फायदे एका दमांत सांगितले. या निबंधास तिला १० पैकीं ९ गुण मिळाले होते. "आणि तूं स्वतः कोणता व्यायाम करतेस?" असें विचारतां ती सरळपणें म्हणाली, "वेळच नसतो, सर. सकाळीं क्लास, मग शाळा, संध्याकाळीं दुसरा क्लास. आणि पीटीचा तास गणिताला दिलाय."

आतां या मुलीस आणखी काय शिकवावयाचें? आमच्या मतें 'फायदा' हा शब्दच मुळीं पेढीवरचा आहे. आपण जे फायदे सांगतों, ते पन्नाशीनंतर पदरांत पडणारे. १९५३ सालीं डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षां, दुमजली गाडीचा जिना चढउतार करीत तिकिटें देणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकाराचें प्रमाण बरेंच कमी आढळलें. हें वाचून आमच्या वयाचा मनुष्य लिफ्टकडे संशयानें पाहूं लागतो. तेरा वर्षांच्या मुलास मात्र उद्यांच्या सामन्यांत आपल्याला घेतील कीं नाहीं, ही चिंता अधिक मोठी वाटते. आणि त्याच्या दृष्टीनें तेंच योग्य होय.

तथापि या वयाचा एक हिशेब खरोखरच आजचा आहे. उंची झपाट्यानें वाढते त्या सुमाराच्या दोनएक वर्षांत, माणूस प्रौढपणीं बाळगतो त्या अस्थिद्रव्याचा जवळजवळ चौथा हिस्सा सांठतो. धांवण्याउड्या मारण्यानें हाडांवर भार पडला म्हणजे तीं अधिक बळकट होतात. आणि या भरतीला पुढें मुदतवाढ मिळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं दररोज सरासरी ६० मिनिटें दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. २०१६ सालची स्थिति दाखविणारा जागतिक अंदाज २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें ११ ते १७ वर्षांच्या १०० मुलांपैकीं ८१ जणांची रोजची हालचाल एवढी होत नव्हती. मुलग्यांत हा आंकडा ७८, मुलींत ८५.

दोष मुलांचा आहे काय? आपल्याकडे मुलाची व्यायामाशीं पहिली ओळख बहुधा शिक्षा म्हणून होते. गृहपाठ केला नाहीं, काढ उठाबशा. उशीर झाला, मार मैदानाला फेऱ्या! ज्या उठाबशा पहिलवान प्रेमानें काढतो, त्याच आपण कान धरून काढावयास लावतों, आणि मग त्यांची गोडी लागत नाहीं म्हणून हळहळतों. उद्यां कविता पाठ करणें ही शिक्षा ठरविली तर कवितेचेंही असेंच होईल. (कांहीं वर्गांत तें झालेंच आहे.)

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार चालू केले. सक्तीचें आम्हांस तितकें प्रेम नाहीं. पण राजेसाहेब स्वतः नित्य नमस्कार घालीत, ही त्यांतली खरी गोम. आमच्या ओळखीचे कित्येक सद्गृहस्थ सोफ्यावर आडवे होऊन, हातांत मोबाईल धरून, मुलाला मोबाईल ठेवून बाहेर खेळावयास जाण्याचा उपदेश करीत असतात!

आणि खेळ तरी काय महाग आहे? खो-खोला दोन खांब आणि थोडी मोकळी जमीन पुरते. त्यांत एखादा मुलगा चुकवीत, वळत, झुकांडी देत जितका धांवतो, तितका तो कोणत्याही व्याख्यानानें धांवणार नाहीं. शिवाय पाठीवर थाप पडून 'खो' ऐकूं येतांच उठून धांवावें लागतें; आपली कोणाला तरी गरज आहे, हें त्या वयांत पुष्कळ असतें.

मुलींचें काय होतें, हें मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. बाराव्या-तेराव्या वर्षीं 'आतां तूं मोठी झालीस' असें कोणी तरी म्हणतें, आणि दोरीच्या उड्या थांबतात. मग पाळीच्या दिवसांची भीति, अंधार पडण्याची भीति, शाळेंत कपडे बदलावयास धड खोली नसणें, अशीं कारणें एकावर एक चढत जातात. ज्या वयांत हाडें भरावयाचीं, नेमक्या त्याच वयांत आपण तिला घरांत बसवितों, आणि चाळिशींत तिची कंबर धरली म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतों. एक खोली, तिला दाराची कडी, आणि मैदानावर दिवा, एवढें शाळेनें केलें तर त्या मुलींपैकीं निम्म्या तरी परत येतील, अशी आमची अटकळ आहे. उरलेल्यांसाठीं आईनें संध्याकाळीं कुकर अर्धा तास उशिरां लावावा आणि स्वतः पायांत बूट घालून जिना उतरावा. मागून कोणाच्या चपलांचा आवाज येतो काय, तें आठवडाभर पाहावें.