पिक्चर घरातले, पाणी मुंबईचं

मंडळी, या उन्हाळ्यात घरी बसून बरेच पिक्चर बघून झाले. शहापूर काय, मुरबाड काय, नवा पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायचा तर आपण कल्याण-बदलापूरच गाठतो. चौघांची तिकिटं, गाडीभाडं, वर खाणंपिणं. त्यापेक्षा घरचा टीव्ही बरा. मध्येच उठून चहा टाकता येतो आणि आईची कॉमेंट्री फुकट. मी समीक्षक वगैरे नाही, जे वाटलं ते लिहितोय.

सुरुवात 'अशी ही बनवाबनवी'ने (1988). कितव्यांदा बघितला ते विचारू नका. पण या वेळी हसता हसता एक गोष्ट डोक्यात आली. त्या पोरांना पुण्यात खोली मिळत नाही म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. आपली पोरं आज कल्याण-डोंबिवलीत एका खोलीत पाच-सहा राहतात. साडी तेवढी नेसायची बाकी आहे.

मग 'जैत रे जैत' (1977). जब्बार पटेलांचा, गोनीदांच्या कादंबरीवरचा. गाणी सगळ्यांना पाठ असतात, पण पूर्ण पिक्चर किती जणांनी बघितलाय? ठाकरांची गोष्ट आहे, म्हणजे आपल्या डोंगरातल्या माणसांची. राणीमाशी डोळा फोडते तेव्हा नाग्या तिच्याशी वैर धरतो आणि थेट देवालाही जाब विचारतो. एरवी पिक्चरमध्ये आदिवासी दिसतो तो नाचायला. इथे तो भांडतो. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, दोघंही एक नंबर.

'लगान' (2001) पोरांसाठी लावला. क्रिकेट सुरू झालं की आजही कोणी जागचं हलत नाही. शेवटी मॅच जिंकतात, पाऊस येतो, सगळं गाव भिजतं. त्यानंतर 'गाभ्रीचा पाऊस' (2009) बघितला, विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा. नवरा जिवाचं काही बरंवाईट करेल या धास्तीने बायको त्याच्यावर नजर ठेवून असते. तो बघून झोप लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. या दोन्ही पिक्चरमध्ये सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले. पडद्यावर दुष्काळ म्हणजे भेगा पडलेली जमीन आणि कोरडं आभाळ. पाऊस आला की गोष्ट संपली.

आपल्याकडे तसं आहे का? आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. जुलैत शेतात चिखलणी करताना माणूस कंटाळतो इतका. पण डोंगराचा उतार आणि खाली काळा पाषाण, पाणी मुरतं कमी आणि वाहून जातं जास्त. जे अडतं ते मोठ्या धरणांत. मार्च लागला की पाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवतात. म्हणजे आपली गोष्ट सुरू होते तीच पाऊस पडून गेल्यावर. हा पिक्चर अजून कोणी काढलेला नाही.

'स्वदेस' (2004) बघताना आई बोललीच. नासातला मोहन गावात येतो, झऱ्याचं पाणी अडवून वीज तयार करतो, म्हातारीच्या घरात दिवा लागतो. आई म्हणाली, "वीज काय, आपल्याकडे पण आली. हंडा डोक्यावरून उतरला का?" यावर शाहरुखकडेही उत्तर नसेल.

सगळ्यात शेवटी 'पाणी' (2024), आदिनाथ कोठारेचा. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची खरी गोष्ट. गावात पाणी नाही म्हणून जुळलेलं लग्न अडतं. मग तो माणूस गाव एकत्र करतो, पाणी अडवतो. पिक्चर चांगलाच आहे, बघा. आपल्याकडेही मुलगी देताना पाणी किती लांब आहे ते विचारतातच की.

पण हा पिक्चर दाखवून कोणी आपल्याला सांगत असेल की बघा, श्रमदान करा, सगळं होईल, तर थोडं थांबा. वनराई बंधारे घालूच, घातलेही पाहिजेत. पण नागदरवाडीत पाणी नव्हतं. आपल्याकडे पाणी साठवलेलं आहे. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. भातसाचं पाणी नदीतून पिसेपर्यंत जातं आणि तिथून मुंबईला. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तिकडे बारवीसाठी मुरबाडकरांच्या जमिनी गेल्या, पाणी पितात कारखाने आणि शहरं. आणि दर उन्हाळ्यात शहापुरातल्या पाड्यांवर टँकर. प्रश्न नुसता श्रमदानाचा नाही, वाट्याचा आहे.

मुंबईशी आपलं भांडण नाही. आपलीच पोरं तिथे राहतात, तेच पाणी पितात. म्हणणं एवढंच की ज्याच्या उशाला धरण आहे त्याच्या घशाला कोरड नसावी. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायच्या योजनेबद्दल आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. पुढच्या ग्रामसभेत तिच्याबद्दल तीनच प्रश्न विचारा. आपल्या पाड्याचं नाव यादीत आहे का? टाकी बांधली का? नळाला पाणी कोणत्या महिन्यात येणार? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या. हे काम सरपंचाचं एकट्याचं नाही. विशेषतः बायांनी उभं राहून विचारावं, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर आहे.

तुमच्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते, तेवढं खाली लिहा. गावाच्या नावासकट. यादी झाली की ती घेऊन पंचायत समितीत जाऊ.

आणि हो, एखादा चांगला पिक्चर राहिला असेल तर तोही सुचवा. पाऊस सुरू झाला की संध्याकाळी घरातच बसायचंय.