तापीखोऱ्याची दैनंदिनी : नळीचे माप

सोमवार, जळगाव

गाडी दोन तास उशिरा. रिक्षा ८०, खोली ९००, चहा ४०, शेवभाजी आणि भाकरी १४०. महामार्गावरची धूळ घशात बसली आहे. ज्यांना भेटावयाचे होते ते बाहेरगावी. उद्या दुपारी येतील असा निरोप.

निजण्यापूर्वी एवढे मात्र नोंदवून ठेवतो की, जे जनावर माणसाला ठार करू शकते त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याने कोणती रायफल आणि किती जाडीची गोळी निवडावी, हा या लेखांकाचा प्रश्न आहे. आणि तो केवळ गतकाळाचा आहे असे कोणी समजू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपुष्टात आला, हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याच्या ११ व्या कलमान्वये, एखादे जनावर मनुष्याच्या जीवितास धोकादायक ठरल्यास ते मारण्याचा लेखी हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकास देता येतो, आणि असा हुकूम या जिल्ह्यातही निघालेला आहे.

मंगळवार, जळगाव

बंदुका दुरुस्त करणाऱ्या वृद्ध चाचांची भेट झाली. दुकान अंधाऱ्या बोळात. दारावर परवान्याची चौकट. आत तेलाचा आणि जुन्या शिसवी लाकडाचा वास. आता गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे पहारेकरी आणि परवानाधारक शेतकरी. विषय सांगताच त्यांनी काही न बोलता खणातून तीन रिकामी काडतुसे काढून फडक्यावर उभी केली आणि चष्मा पुसून माझ्याकडे पाहिले.

पहिले बाराबोरचे, खडकीच्या कारखान्याचे. ‘बारा’ हे माप असे की, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक त्या नळीत बसते. दुसरे .३१५ चे. मूळची ही ऑस्ट्रियन सैन्याची आठ मिलिमीटरची गोळी, परंतु सैन्याची.३०३ प्रजेच्या हाती जाऊ नये या सरकारी धोरणामुळे हिंदुस्थानात तीच नागरी गोळी होऊन बसली, आणि इछापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या धर्तीवर तिच्यासाठी रायफली बनविल्या. तिसरे .३७५ मॅग्नम, १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढलेले: लांब, निमुळते, बुडाशी पितळेचे जाड कडे असलेले. चाचांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि आकडे सांगितले. .३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेन वजनाची, वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या आसपास; .३७५ ची ३०० ग्रेन, वेग अडीच हजार. वजनातला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही; आघात मात्र जवळजवळ दुप्पट होतो.

“मग वाघासाठी हीच?” मी विचारले.

“साहेब, मोठी गोळी मागणारे पुष्कळ येऊन गेले,” चाचा म्हणाले. “आपल्या खांद्याला ती सोसते का, हे विचारणारा एखादाच. धक्क्याला भ्यायला की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. मग .३७५ काय आणि तोफ काय!”

हे वाक्य मी त्यांच्यासमोरच टिपून घेतले. त्यानंतर त्यांनी गोळीच्या टोकाविषयी सांगितले, आणि तो भाग मला जाडीहून अधिक महत्त्वाचा वाटतो. शिशाचे टोक उघडे ठेवलेली मऊ गोळी अंगात शिरताच पसरते, म्हणून ती पातळ कातडीच्या वाघ-बिबट्यास योग्य. गव्याचा खांदा किंवा हत्तीची कवटी भेदावयाची तर अखंड धातूचे वेष्टन असलेली, न पसरणारी गोळी हवी. उत्तम रायफलीत चुकीच्या टोकाची गोळी घालून निघणारा मनुष्य हा नि:शस्त्र माणसापेक्षाही धोकादायक, कारण तो जनावराला जखमी करून सोडतो.

खर्च: रिक्षा ६०, जेवण १६०. भरीत उत्कृष्ट, वांगी या थंडीतलीच. धूळ कालच्याप्रमाणेच.

बुधवार, धरणगाव

एस.टी. पाऊण तास उशिरा, तिकिटास सुटे पैसे नाहीत म्हणून वाद, गुडघा दुखतो.

१८२५ साली जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची जी पलटण उभारली, तिचे ठाणे या गावी होते. पुढील सुमारे दहा वर्षांत त्याने व त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांची संख्या एकशे नव्वदाहून अधिक नोंदलेली आहे; शिवाय अस्वले, बिबटे आणि रानम्हशी. आज ज्या मुलखात केळी आणि कापूस यांखेरीज दृष्टीस काही पडत नाही, तेथे हे सारे घडले. खाली झाडीत दडलेला वाघ दिसेना, तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी एकमेकांस बांधून औट्रमला झाडाच्या फांदीवरून अधांतरी लोंबकळत ठेवले आणि त्याने तशा स्थितीत गोळी घातली, ही कथा त्याच्या चरित्रात प्रसिद्ध आहे.

विचार करण्याजोगे असे की, त्या काळी धातूचे काडतूस नव्हते, धूरविरहित दारू नव्हती. नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासावयाची, बार उडाला की धुराने पुढचे काही दिसावयाचे नाही, आणि पुन्हा भरावयास जो अवकाश लागे तेवढ्यात वाघ दोन वेळा येऊन जाईल. त्यामुळे शस्त्राची उणीव जवळ जाऊनच भरून काढावी लागे. आणि जवळ जाणे म्हणजे माग काढणारा, झुडपे बडविणारा भिल्ल पुढे असणे. संख्या औट्रमच्या नावावर लागली; पुढे चालणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही नोंदीत सहजी सापडत नाहीत. हा अन्याय मला येथे उभे राहून अधिकच बोचला.

गुरुवार, धुळे

अमळनेरमार्गे. उशीर सव्वा तास. तिकीट, चहा, केळी, खोली मिळून १२३०. एका कचेरीत जुन्या शस्त्रपरवान्यांच्या दप्तराविषयी अर्ज दिला; साहेब रजेवर. धूळ. लवकर निजतो.

शुक्रवार, धुळे

साहेब आजही रजेवर. राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूत जाऊन आलो; प्रस्तुत विषयाचे तेथे काही शोधले नाही, परंतु इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्या नगरीत १९२६ च्या अखेरीस देह ठेवला तेथे येऊन त्या दारावरून परत फिरणे मनास पटेना.

परवान्याचा विचार डोक्यात होता म्हणून .४५० ची हकीकत लिहितो. १८९८ च्या सुमारास बंदुका बनविणाऱ्या रिग्बी कंपनीने धूरविरहित दारूची .४५० दोनाली रायफल काढली आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीचे सारे शास्त्र पालटले. परंतु मार्टिनी-हेन्री या जुन्या सैनिकी रायफलीचे मापही .४५० असल्यामुळे, तिच्यासाठी गोळ्या बंडखोरांच्या हाती पोहोचतील या भयाने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात त्या मापावर बंदी आली. मग इंग्रज कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे काढली, त्यांतील.४७० आजही आफ्रिकेत म्हैस आणि हत्ती यांच्यासाठी वापरतात. शिकाऱ्याची आवड, जनावराचे हाड, यांपैकी कशानेही नव्हे, तर या देशातल्या एका राजकीय धास्तीने साऱ्या जगाच्या नळीचे माप बदलले.

शनिवार, बोराडी, ता. शिरपूर

आज धूळ नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याची हवा.

ओळखीच्या शिक्षकांच्या घरी एका वृद्ध पावरा गृहस्थांना बोलाविले होते. बाबा लहान असताना, शिकारीचे परवाने मिळत असत त्या काळात, शहरातल्या साहेबांसाठी हाक्याला जात. मजुरी दिवसास काही आणे आणि जनावर पडले तर मटणाचा वाटा. भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी पुढ्यात आली तरी ते बोलतच राहिले. बोलता बोलता भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून तसाच हातात धरून ठेवीत.

हकीकत अस्वलाची. मचाणावरच्या साहेबाजवळ हलकी, हरणांसाठीची रायफल होती. अस्वल आले, गोळी लागली, आणि अस्वल ओरडत करवंदीच्या जाळीत शिरले. साहेब खाली उतरला नाही. संध्याकाळ झाली म्हणून जीप निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी जनावर शोधून आणण्याचा हुकूम मागे राहिला.

“मग कोण गेले, बाबा?”

“आम्हीच गेलो ना. कुऱ्हाडी घेऊन. माझा काका पुढे होता.” त्यांनी मोकळ्या हाताची बोटे कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढून दाखविली. “जगला तो. वीस वर्षं जगला. पण मग कोणाच्या लग्नाला गेला नाही.”

शिक्षकांच्या पत्नी भाकरी वाढावयास आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मी विचारले, मोठी बंदूक असती तर? बाबांनी बराच वेळ विचार केला. “मोठी असती तर बरं. पण साहेब खाली उतरला असता तर आणखी बरं.”

अस्वलाच्या दाट केसांमुळे त्याची आकृती फसवी दिसते, मर्मस्थान कोठे हे अंधुक प्रकाशात कळत नाही. हलकी गोळी अशा वेळी चरबीत आणि केसांत वाया जाते. हे तांत्रिक कारण खरे आहे. पण मापाचा खरा हिशेब या जेवणात माझ्यापुढे आला: नळीची जाडी ही बंदूकधाऱ्याच्या संरक्षणासाठी ठरवावयाची नसून, जखमी जनावरामागे ज्याला पाठविले जाईल त्याच्यासाठी ठरवावयाची असते. शिकारकथांत हा मनुष्य क्वचितच बोलतो. नरभक्षकांचे शिकारी कॉर्बेट यांना थोर मानतो तो याचमुळे की, जखमी जनावरामागे ते स्वत: जात. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीसमोर जवळची काडतुसे संपली, तेव्हा तहसीलदारांची जुनाट बंदूक हिसकावून घेऊन ते पुन्हा तिच्यापुढे गेले.

रविवार, धुळे

परत. खर्च ४१०.

सोमवार, चाळीसगाव

२०१७ साली या तालुक्यात, गिरणेच्या काठच्या गावांत, एका बिबट्याने अनेक माणसे मारली आणि अखेर शासनाच्या आदेशाने डिसेंबरात त्याला गोळी घालण्यात आली. आज त्या बाजूच्या एका कापसाच्या शेतात उभा होतो. शेतकरी दादा सांगत होते की, पंपाची वीज रात्रीच येते, म्हणून पाणी धरावयास रात्रीच जावे लागते. एका हातात बॅटरी, एका हातात काठी. कापूस छातीपर्यंत. चार पावलांवर काय आहे हे मला दुपारी दिसेना.

अशा ठिकाणी .४७० घेऊन येणाऱ्याचे काम नाही. बिबट्या वजनाने पन्नास-साठ किलोंचा, कातडी पातळ. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली कॉर्बेट यांच्या .२७५ च्या हलक्या गोळीने पडला. येथे जनावराची जाडी ही अडचण नाही, वेळ ही अडचण आहे. मचाणावरून, निश्चित अंतरावर, प्रकाशाची व्यवस्था असेल तर दुर्बीण लावलेली मध्यम रायफल आणि मऊ टोकाची गोळी. जखमी झाल्यास पिकात शिरणाऱ्याजवळ बाराबोरची दोनाली, मोठ्या छऱ्यांची, आणि त्याच्या शेजारी दुसरी बंदूक. वाघाच्या मागावर पायी जावयाचे तर .३७५ हून खाली येऊ नये, आणि मुक्ताईनगरकडे केळीच्या बागांतून वाघ वावरतात हे ध्यानात घेता हा विचार या जिल्ह्याला अनाठायी नाही. .३१५ ने वाघ मरतो, पुष्कळ मेले आहेत. परंतु अंगावर येणारा वाघ तिने थांबेलच, याची खात्री कोणत्याही जाणत्याने मला दिली नाही.

आणि हुकुमाच्या कागदावर रायफलीचे माप लिहिले जावो वा न जावो, एक अट लिहिली जावी असे माझे आग्रहाचे मत आहे: गोळी घालणाऱ्यानेच माग काढावा, आणि जनावर सापडेपर्यंत गावातल्या कोणासही पिकात पाठवू नये. दादांना हे वाचून दाखविले. ते म्हणाले, “आणि वीज दिवसा द्या, हेही लिहा.” लिहिले आहे.