बर्फाच्या गावी, तेलातले पाणी

अमेरिकेला लेकीकडे जाऊन आलेले लोक नायगाराचे फोटो दाखवतात. माझ्या मोबाईलमध्ये मात्र दुधाळ तेलाने भरलेल्या बादलीचा फोटो आहे. त्याचीच ही गोष्ट.

आमची धाकटी मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, हॉटन नावाच्या छोट्या गावात नोकरीला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. एकेकाळी हा तांब्याच्या खाणींचा मुलुख. खाणी बंद पडल्या, बर्फ तेवढा राहिला. थंड वारे लेक सुपिरिअरवरची वाफ उचलतात आणि बर्फ करून या जमिनीवर टाकतात. आंबोलीला जसा पाऊस, तसा इथे बर्फ. वर्षाला सरासरी २०० इंचांहून अधिक! उत्तरेकडे हमरस्त्यालगत एक उंच फलक आहे. त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम लिहिलाय : ३९०.४ इंच. म्हणजे साडेबत्तीस फूट!

मोठे रस्ते सरकारी ट्रक साफ करतात. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट मात्र ज्याची त्याने मोकळी करायची. शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी त्यासाठी आपल्या पिकअप ट्रकला पुढे स्नो प्लाऊ बसवलेला. नाव नांगराचे, पण असते ते भलेमोठे फावडेच. बॅटरीवर मोटर, मोटरवर पंप, पाते उचलायला एक सिलिंडर आणि डावी-उजवीकडे वळवायला दोन. हे सगळे माझ्या ओळखीचे. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात माझी तीस वर्षे गेली.

गेल्या गेल्याच मला दिसले, पाते उन्हाळाभर उघड्यावर गवतात पडून होते. पिस्टन रॉडवर गंजाचे ठिपके आले होते. सांगावे असे ओठांवर आले, पण सौ. म्हणाली, "अहो, पाहुणे आहोत आपण. कशाला नाक खुपसता?" मी गप्प बसलो.

जानेवारीत एका रात्री फूटभर बर्फ पडला. उणे २० अंश. पहाटे शेजारून मोटर कण्हल्याचा आवाज आला. पाते जागचे हलेना. त्या गृहस्थांच्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागे आणि तो दिवस नेमका त्यातलाच. आम्ही तिघांनी फावडी घेतली. वाट मोकळी व्हायला दीड तास लागला. लेकीने त्यांना आपल्या गाडीतून नेले. बाई उशिरा पोचल्या, पण पोचल्या. माझ्या मनातून मात्र ऑक्टोबर जाईना.

दुपारी पाते साखळीने वर बांधून ट्रक गॅरेजात घेतला. आधी पाते जमिनीवर टेकवले, बॅटरीची तार सोडवली. टाकीतले तेल बादलीत काढले, तर ताकासारखे पांढुरके! माझ्या तोंडून आमच्या जुन्या मिस्त्रींचे शब्द निघाले, "एण्ण्याग नीर बंदैती!" ते गृहस्थ बघतच राहिले.

गंजलेला रॉड आत-बाहेर करताना ऑईल सील कापतो. तिथून तेल गळते आणि पाणी आत शिरते. उन्हाळ्यात ते काही बोलत नाही. थंडीत त्याचे कण गोठतात, गाळणी आणि व्हॉल्व्ह अडवतात. टाकी धुतली, गाळणी साफ केली, गंजलेला सिलिंडर बदलला आणि कडाक्याच्या थंडीतही पातळ राहणारे, त्याच यंत्राचे तेल भरले. पाते अनेकदा वर-खाली, डावी-उजवीकडे करून हवा काढली. उचलणारा सिलिंडर पूर्ण खाली आणून तेलाची पातळी पाहिली. होस पाइप गळतो का, हे पाहायला ते हात लावणार, तोच मी पुठ्ठा पुढे केला. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. बोट गमावायची वेळ येते.

काम झाल्यावर त्यांनी विचारले, "गंज तुम्हाला केव्हा दिसला होता?"

"ऑक्टोबरात."

ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग कॉफीचा कप पुढे करून म्हणाले, "पुढच्या वेळी सांगा."

पुढच्या एप्रिलमध्ये, आम्ही परतल्यावर, त्यांनी फोटो पाठवला. पाते गॅरेजात, रॉडवर ग्रीसचा जाड थर.

आता मी कोणाला वाईट वाटेल म्हणून थांबत नाही. हंगाम संपला की आमच्या भागात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पावसात उभ्या असतात. जॅकचा रॉड उघडा दिसला की मी दार वाजवतो. आधी मराठीत सांगतो, नाही कळले तर कन्नडमध्ये.